विश्लेषण : बेलवर नाव कोणाचे? जर्मनीत ‘शेअरिंग’ची खोली घेताना कागद का महत्त्वाचा?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट आता सर्वांत मोठा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ही संख्या ४९ हजारांवर गेली. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर अशा शहरांतून दरवर्षी अभियंते आणि विज्ञानाचे पदवीधर तिकडे जातात. जाण्याआधी घरोघरी प्रवेशपत्र, व्हिसा, कर्ज, तिकीट आणि बॅगेचे वजन यांवर महिनोन्महिने चर्चा होते. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ या खात्यात टाकला जातो. तिथे पोहोचल्यावर पहिली अडचण नेमकी याच खात्यातून निघते. कारण जर्मनीत भाड्याची खोली हा फक्त निवाऱ्याचा प्रश्न नसतो. पगार, कर, निवास परवाना, टपाल या सगळ्याची सुरुवात घराच्या पत्त्यापासून होते आणि पत्ता म्हणजे कागदावरचे नाव.

‘वे-गे’ म्हणजे काय?

अनेकांनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घ्यायचा, प्रत्येकाने स्वतंत्र खोलीत राहायचे आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक ठेवायचे, या पद्धतीला जर्मन भाषेत ‘व्होनगेमाइनशाफ्ट’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्याचे लघुरूप ‘वे-गे’. पश्चिम बर्लिनमध्ये १९६७ साली ‘कम्यून १’ नावाचा तरुणांचा एक गट कुटुंबव्यवस्थेला विरोध म्हणून एकत्र राहू लागला. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी चळवळीतून ही कल्पना पसरली. पुढे त्यातले राजकारण मागे पडले आणि परवडणारे भाडे हे कारण पुढे आले. आज विद्यार्थीच नव्हे, तर नोकरदार, घटस्फोटित आणि वृद्धही अशा घरांत राहतात.

आपल्याकडच्या ‘पीजी’शी किंवा ‘कॉट बेसिस’शी याची तुलना केली जाते, पण ती पूर्ण जुळत नाही. पीजीमध्ये घरमालकीण नियम ठरवते आणि राहणारे ते पाळतात. वे-गेमध्ये राहणारेच आपसात नियम ठरवतात आणि नवा सोबती कोण असावा हेही तेच निवडतात. त्यासाठी मुलाखत होते. तिला तिकडे गमतीने ‘कास्टिंग’ म्हणतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघे-चौघे बसतात आणि समोरचा किती वाजता झोपतो, काय शिजवतो, साफसफाई करतो का, पाहुणे किती येतात हे विचारतात. गुणपत्रिका तिथे कुणी बघत नाही. वर्गात पहिला आलेला मुलगाही या परीक्षेत सलग दहा वेळा नापास होऊ शकतो. त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. एका खोलीसाठी ढिगाने अर्ज आलेले असतात.

खोली मिळणे इतके अवघड का?

पहिले कारण पुरवठ्याचे. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क घेत नाहीत, पण प्रवेशाबरोबर वसतिगृहही मिळेल अशी हमीही देत नाहीत. विद्यार्थी सेवा संस्थांची वसतिगृहे आहेत, मात्र त्यांत एकूण विद्यार्थ्यांपैकी साधारण दहा टक्क्यांचीच सोय होते. प्रतीक्षायादी काही शहरांत अनेक महिन्यांची, तर म्युनिकसारख्या ठिकाणी त्याहूनही लांब असते.

दुसरे कारण पैशांचे. व्हिसासाठी विद्यार्थ्याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षभराची रक्कम आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. हा आकडा तिथल्या सरकारी शिष्यवृत्तीच्या कमाल रकमेवरून आला आहे आणि त्या हिशेबात घरासाठी धरलेला वाटा फक्त ३८० युरोंचा आहे. प्रत्यक्षात म्युनिकमध्ये सामाईक घरातल्या एका खोलीचे भाडे सातशे ते आठशे युरोंच्या घरात जाते. बर्लिनमध्येही ते सहाशेच्या आसपास किंवा पुढे असते. समजा, म्युनिकमधली खोली साडेसातशेला मिळाली आणि आरोग्य विम्याला दीडशेच्या आसपास गेले, तर महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंतून जेवण, फोन आणि पुस्तकांसाठी शंभर युरोही उरत नाहीत. पूर्वेकडच्या केम्निट्झ किंवा माग्डेबुर्गसारख्या शहरांत चित्र बरेच सुसह्य आहे. पण विद्यापीठ निवडताना त्या शहरातले भाडे विचारात घेणारी कुटुंबे थोडी असतात.

तिसरे कारण कुणी फारसे उघड बोलत नाही. ‘डेर श्पिगेल’ आणि बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०१७ मध्ये जर्मन आणि परदेशी वाटणाऱ्या नावांनी घरासाठी सुमारे २० हजार चौकशीपत्रे पाठवून पाहिली. मजकूर सारखा असूनही परदेशी, विशेषतः अरबी आणि तुर्की नावांना घर पाहण्याची बोलावणी कमी आली. वंशावरून घर नाकारण्याला तिथे २००६ च्या समान वागणूक कायद्याने बंदी आहे. पण मालक किंवा त्याचे कुटुंब त्याच आवारात राहत असेल, तर त्याला सवलत आहे. शिवाय उत्तरच आले नाही, तर भेदभाव सिद्ध करणार कसा?

या तिन्ही कारणांचा परिणाम एकच होतो. नवखा विद्यार्थी घायकुतीला येतो आणि मिळेल ती खोली, मिळेल त्या अटीवर घेतो. त्याची फसगत इथून सुरू होते.

पहिल्या दोन आठवड्यांत काय होते?

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवणे जर्मनीत बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही. ‘ही व्यक्ती या तारखेपासून इथे राहायला आली आहे’ असे घर देणाऱ्याचे सहीचे पत्र लागते. घर देणारा म्हणजे मालकच असे नाही. आपली खोली दुसऱ्याला देणारा मुख्य भाडेकरूही ते देऊ शकतो.

या पत्रावर पुढची सगळी साखळी अवलंबून असते. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने घरी येतो. तो नसेल तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवाना मागताना नोंदणीचा दाखला दाखवावा लागतो आणि अनेक बँकांनाही तो हवा असतो. व्हिसा काही महिन्यांचाच असतो, त्यामुळे परवान्याला उशीर झाला की जीव टांगणीला लागतो.

इथे आपल्या सवयीला धक्का देणारी आणखी एक गोष्ट आहे. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, पुढे फक्त नाव. बेलवर आणि टपालपेटीवर ज्याचे नाव, त्याचे पत्र. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचे कार्ड, विम्याचे पत्र, कर क्रमांक आणि परवान्याच्या मुलाखतीची तारख असे सगळे टपाल अशा रीतीने परत गेल्याचे कित्येकांना महिनाभराने कळते. खोलीत शिरल्यावर सामान लावण्याआधी टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवणे हे म्हणूनच पहिले काम.

‘नोंदणी होणार नाही’ अशी अट घालून स्वस्त खोली देणाऱ्यांची तिथे कमी नाही. कुणी मालकाची परवानगी न घेता खोली दिलेली असते, कुणाला घरात ठरल्यापेक्षा जास्त माणसे ठेवायची असतात. दुसरीकडे, फक्त नोंदणीसाठी पत्ता विकणारेही आहेत. प्रत्यक्ष राहायचे नसताना कुणाला नोंदणीसाठी पत्ता देणे हा गुन्हा असून त्यासाठी ५० हजार युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. शंभर-दीडशे युरो वाचवण्यासाठी ज्या देशात पाच-सात वर्षे काढायची, त्याच्या सरकारी नोंदीत सुरुवातच खोट्याने करणे परवडणारे नाही.

मुख्य भाडेकरू कोण, पोटभाडेकरू कोण?

जाहिरातीत फक्त ‘खोली उपलब्ध’ असे लिहिलेले असते. त्यामागे तीन वेगवेगळी नाती असू शकतात आणि प्रत्येकात हक्क वेगळे असतात.

पहिल्या प्रकारात घरातले सगळे मिळून मालकाशी एकच करार करतात. हक्क सर्वांना सारखे मिळतात, पण जबाबदारीही सामाईक असते. एकाने भाडे थकवले तर मालक ते बाकीच्यांकडून पूर्ण वसूल करू शकतो. दुसऱ्या प्रकारात मालक प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार करतो. नवख्यासाठी हा सर्वांत सोपा प्रकार, कारण शेजारच्याच्या थकबाकीशी त्याचा संबंध येत नाही. तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो. मालकाचा करार एकाशीच असतो. तो मुख्य भाडेकरू बाकीच्या खोल्या पोटभाड्याने देतो.

तिसऱ्या प्रकारात काळजी हवी. पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते. ती नसेल तर मालक मुख्य भाडेकरूचा करार मोडू शकतो आणि मुख्य करार संपला की पोटभाडेकरूलाही घर सोडायला सांगू शकतो. ‘मी तर वेळेवर भाडे देत होतो’ हे म्हणणे तिथे चालत नाही, कारण मालकाशी त्याचे काही नातेच नसते. शिवाय मुख्य भाडेकरू त्याच घरात राहत असेल आणि त्याने खोली पलंग-कपाटासह दिलेली असेल, तर नोटिशीचे नेहमीचे संरक्षण पातळ होते. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नोटीस देऊन त्याच महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगता येते. एरवी भाडेकरूने घर सोडायची मुदत तीन महिन्यांची असते आणि नोटीस कागदावर, हाताच्या सहीने द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप कायद्यात पुरेसा नाही.

म्हणून खोली बघताना खिडकीबाहेरच्या झाडाआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. करार कोणाशी आहे? आणि मालकाची लेखी परवानगी दाखवता का? हे विचारणे तिथे उद्धटपणाचे मानले जात नाही. उलट न विचारणारा मुलगा निष्काळजी वाटतो.

अनामत किती आणि कधी द्यायची?

जर्मन कायद्यानुसार अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ भाडे म्हणजे पाणी, हीटिंग आणि देखभाल वगळून. भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पहिला हप्ता करार सुरू होताना द्यायचा असतो. मालकाने ही रक्कम आपल्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यावरचे व्याज भाडेकरूचे असते. ही तरतूद माहीत नसल्याने अनेक जण सगळी रक्कम पहिल्याच दिवशी, तीही रोख आणि पावतीशिवाय देतात.

वे-गेमध्ये आणखी एक पद्धत रूढ आहे. जाणारा सोबती नव्याकडून अनामत घेतो आणि निघून जातो, मालकाला पत्ताही नसतो. पुढे घर सोडताना मालक म्हणतो, तुमचे पैसे माझ्याकडे आलेच नाहीत. अशा वेळी ही देवाणघेवाण तिघांच्या सहीने कागदावर असेल तरच काही उपयोग होतो.

सर्वांत वाईट फसवणूक मात्र विमानात बसण्याआधीच होते. सुंदर फोटो, शहराच्या मध्यभागी घर, भाडे निम्मे. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ल्या कुरिअरने येतील.’ या कथेत नावे बदलतात, साचा तोच असतो. खोली कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही, हा नियम घरातल्या सर्वांना पाठ हवा. पैसे पाठवणारे बहुतेकदा इथले आई-वडीलच असतात.

भाड्याचा आकडा कसा वाचायचा?

जाहिरातीत ‘थंड’ आणि ‘गरम’ असे दोन भाव दिसतात. थंड म्हणजे मूळ भाडे. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा आणि जिन्याची सफाई यांचा अंदाजे खर्च मिळवलेला. हा खर्च आगाऊ घेतात आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष हिशेब होतो. हिवाळ्यात हीटर चालू ठेवून खिडकी अर्धवट उघडी ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी फरकाचे बिल येते. मालकाला हा हिशेब द्यायला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. त्यामुळे घर सोडून गेलेल्यालाही बिल येऊ शकते आणि त्यापोटी अनामतीतला काही भाग अडकून राहतो. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळेच असते.

आणखी एक पत्र हमखास येते. रेडिओ-टीव्हीच्या सार्वजनिक प्रसारणासाठी दर घरामागे महिना १८.३६ युरो वर्गणी द्यावी लागते. ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ ही सबब चालत नाही. मात्र ती माणशी नसून घरामागे असते. घरातला एक जण भरत असेल तर बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि सगळ्यांनी रक्कम वाटून घ्यायची. जर्मनमधले पत्र कळत नाही म्हणून ते खणात टाकणाऱ्याला पुढे मागील सर्व महिन्यांची थकबाकी भरावी लागते.

‘आपला माणूस’ किती कामाचा?

घरापासून दूर एकत्र राहणे मराठी आणि कोकणी माणसाला नवे नाही. गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांनी गावागावाच्या खोल्या चालवल्या. एका खोलीत पाळीनुसार झोपणारी माणसे आणि खानावळीतले जेवण यांवर पिढ्या उभ्या राहिल्या. गोव्याहून बोटीवर नोकरीला निघालेल्यांसाठी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात ‘कूड’ होते आणि त्यांतले काही अजून आहेत. प्रत्येक कूड एका गावाचा, जागा त्या गावच्या माणसाला. या व्यवस्था टिकल्या कारण गावाचे नाव हाच जामीन होता. इथे कुणी पैसे बुडवले तर तिकडे त्याच्या घरच्यांना मान खाली घालावी लागे.

बर्लिन किंवा श्टुटगार्टमधल्या ‘आपल्या माणसां’च्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हा जामीन नसतो. तिथला ‘दादा’ कोणत्या गावचा हे कुणाला ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी त्याने फरक पडत नाही. बहुतेक सिनिअर मनापासून मदत करतात. विमानतळावर घ्यायला येतात, पहिला आठवडा गादी देतात, गरम वरणभात वाढतात. ही मदत नसती तर अनेकांचे पहिले दिवस फार कठीण गेले असते. पण याच विश्वासाचा फायदा घेऊन दोन खोल्यांच्या घरात सहा-सात जणांना ठेवून प्रत्येकाकडून रोख भाडे घेणारेही त्याच ग्रुपवर असतात. करार मागितला की ‘आपल्यात कशाला कागद?’ असे ऐकवले जाते आणि भिडेपोटी मुलगा गप्प बसतो.

सिनिअरच्या घरी पाहुणा म्हणून राहणे आणि तिथे भाडेकरू म्हणून राहणे यांत रेघ ओढलीच पाहिजे. पहिल्या दिवशी जेवून उठल्यावर ‘दादा, मी किती दिवस राहू शकतो आणि काय द्यायचे?’ असे विचारणाऱ्याचे नाते पुढेही चांगले राहते. न विचारणारा महिनाभराने एकतर मनातल्या मनात कुढत असतो किंवा भांडण करून बाहेर पडतो. जिथे भिडेने बोलता येत नाही तिथे कागद बोलतो. दोघांचाही मान त्याने राखला जातो.

घरातले नियम एवढे काटेकोर का?

करार झाला, नाव लागले, तरी खरी कसोटी स्वयंपाकघरात असते. वे-गेच्या भिंतीवर सफाईचे पाळीपत्रक असते. या आठवड्यात न्हाणीघर तुझे, पुढच्या आठवड्यात माझे. आपल्याकडे बहुतेक मुलांनी घरी कधी न्हाणीघर घासलेले नसते. ते काम आईचे किंवा मोलकरणीचे अशी समजूत घेऊन गेलेल्या मुलाला तिथे ‘तुझी पाळी दोनदा चुकली’ हे ऐकणे झोंबते. दोष सोबत्याचा नसतो. खरे तर व्हिसाच्या फायलीबरोबर जायच्या आधी सहा महिने मुलाने घरी हे काम करायला हवे.

कचऱ्याचेही तसेच. कागद, ओला कचरा, प्लास्टिकची वेष्टने आणि उरलेला कचरा यांचे वेगळे डबे असतात. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, त्याही रविवारी नाहीत, कारण खळखळाटाने शेजाऱ्यांना त्रास होतो. रात्री साधारण १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. शीतपेयांच्या अनेक बाटल्यांवर २५ सेंटपर्यंत ठेव असते आणि ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत मिळते. घरातल्या रिकाम्या बाटल्या कुणाच्या, यावरूनही वाद होतात.

मराठी घरातून गेलेल्याला सर्वांत जड जाते ती खिडकी. जर्मन घरे थंडीसाठी घट्ट बंद होणारी असतात. आत भात शिजतो, अंघोळ होते, कपडे खोलीतच वाळतात आणि वाफ भिंतीवर बसते. पुढे काळी बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडायची. बाहेर उणे पाच तापमान असताना हे वेडेपणाचे वाटते. पण घर सोडताना बुरशीचा खर्च कोणाचा, हा मालक-भाडेकरूंमधला तिथला नेहमीचा वाद आहे आणि खिडकी न उघडणाऱ्याची बाजू त्यात लंगडी पडते.

फोडणीचा मुद्दाही असाच सोडवता येतो. मोहरी-हिंगाचा वास आणि कुकरच्या शिट्ट्या यांवरून तक्रार झाली की काही जण गप्प होऊन पावावर दिवस काढतात, तर काही जण ‘आमच्या संस्कृतीचा अपमान’ म्हणून भडकतात. दोन्हींची गरज नसते. दार लावून, एक्झॉस्ट चालू करून, ठरल्या वेळी स्वयंपाक करायचा आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांना जेवायला बसवायचे. पोहे आणि डाळ-भाताने जितके सोबती जिंकले आहेत तितके वादाने कुणी जिंकलेले नाहीत.

वाद झाला तर?

खोली ताब्यात घेताना दोघांच्या सहीने स्थितीची नोंद करायची पद्धत आहे. भिंतीवरचा ओरखडा, फरशीवरचा डाग आणि मीटरचे आकडे या सगळ्याचे तारखेसह फोटो काढायचे. ही नोंद नसेल तर आधीच्या भाडेकरूने पाडलेला डाग नव्याच्या अनामतीतून वजा होतो. किल्ली हरवणे हीही तिथे महागडी चूक आहे. इमारतीला सामाईक कुलूपव्यवस्था असेल तर अनेक कुलपे बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो. वैयक्तिक दायित्व विमा वर्षाला थोडक्या पैशांत मिळतो. तो घेताना किल्ली हरवण्याची जोखीम त्यात आहे का, एवढे बघायचे.

तंटा वाढलाच तर प्रत्येक मोठ्या शहरात भाडेकरूंचे संघ आहेत. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सदस्यांना ते कायदेशीर सल्ला देतात. अनेक विद्यार्थी सेवा संस्था आणि विद्यार्थी परिषदाही असा सल्ला देतात, काही ठिकाणी मोफत. पण वकिलासमोर ठेवायला कागद लागतोच.

दोष फक्त विद्यार्थ्यांचा आहे का?

अजिबात नाही. कुशल मनुष्यबळ हवे म्हणून जर्मनी परदेशी तरुणांना बोलावते आणि पत्ता दोन आठवड्यांत नोंदवा म्हणते. पण तो पत्ता मिळवण्याचे काम पूर्णपणे बाजारावर सोडते. बर्लिनमध्ये नोंदणीची वेळ मिळायलाच अनेकदा मुदत उलटते. अशा वेळी वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवणे एवढेच विद्यार्थ्याच्या हातात उरते. व्हिसाच्या हिशेबात घराला ३८० युरो धरणे आणि बाजारात दुप्पट भाडे असणे, ही तफावत सरकारला दिसत नाही असे नाही. वसतिगृहांची संख्या विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर वाढली नाही, तर सर्वांत जास्त झळ भाषा न येणाऱ्या, ओळख नसलेल्या परदेशी मुलालाच बसणार.

आपल्याकडचीही जबाबदारी कमी नाही. प्रवेशासाठी मोठी फी घेणारे सल्लागार अर्जाचा निबंध दहा वेळा तपासतात, पण भाडेकराराचा एक नमुनाही दाखवत नाहीत. जर्मन शिकवणाऱ्या वर्गांत प्राथमिक पातळीवर घर, खोल्या आणि फर्निचर यांचा पाठ असतोच. पुण्यात तर जर्मन शिकवण्याची परंपरा जुनी आहे. त्याच पाठात एक खरा करार, एक नोंदणीचा अर्ज आणि एक नोटीस वाचून घेतली, तर विद्यार्थ्याला ‘खुर्ची’ आणि ‘टेबल’ यांच्या लिंगापेक्षा जास्त उपयोगी शिदोरी मिळेल.

मग करायचे काय?

विद्यापीठ निवडतानाच त्या शहराचे भाडे बघावे. प्रवेश मिळाला त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करावा. पहिल्या महिन्यासाठी नोंदणी करता येईल अशी तात्पुरती जागा शोधावी, थोडी महाग असली तरी. कायमची खोली प्रत्यक्ष जाऊन, सोबत्यांना भेटून घ्यावी. करार कोणाशी, परवानगी आहे का, नोंदणीचे पत्र मिळेल का आणि अनामत कशी द्यायची, हे चार प्रश्न सहीआधी विचारावेत. करारातला जो शब्द कळत नाही त्यावर सही करू नये. पालकांनीही ‘जेवलास का?’ यानंतरचा दुसरा प्रश्न ‘नोंदणी झाली का?’ हा विचारावा.

परदेशात जुळवून घेणे म्हणजे ‘ॲडजस्ट’ करणे, असे आपल्याकडे मुलांना शिकवले जाते. चार माणसांत राहताना थोडे सोसावे लागते, हे खरे. पण हक्क माहीत नसताना सोसणे आणि ते माहीत असताना थोडे सोडून देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे नाव करारात, नोंदवहीत आणि टपालपेटीवर आहे, तो सोबत्यासाठी आपली पाळी बदलू शकतो, भाड्याला उशीर झालेल्याला आठवडाभर सांभाळून घेऊ शकतो, नव्याने आलेल्या गाववाल्याला चार दिवस गादी देऊ शकतो. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याला मात्र उद्या दार उघडेल की नाही हेही दुसऱ्याच्या मर्जीवर सोडावे लागते.